फुंकर मारून हृदय कळतं का?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत श्वासाबद्दलची पत्रं बरीच होती, म्हणून या वेळी ती एकत्र घेते. पहिल्या पत्राला जरा जास्त जागा दिली आहे. त्यातला प्रश्न अनेक घरांत असणार.

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. कोरेगाव तालुक्यात आमची शेती आहे, घेवडा आणि आलं करतो. दीड वर्षापूर्वी साताऱ्यात टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केली तेव्हा डॉक्टर म्हणाले, पंपिंग ३० टक्के आहे, हार्ट फेल्युअर आहे. गोळ्या चालू आहेत. दर तीन महिन्यांनी इको आणि रक्त तपासायला येतो, त्यात अख्खा दिवस मोडतो आणि पैसाही जातो. मोबाइलवर वाचलं की नळीत फुंकर मारली की हार्ट फेल्युअर किती आहे ते कळतं. गावात एक शिबिर आलं होतं, तिथंही वडिलांना हातात मावेल अशा प्लास्टिकच्या नळीत जोरात फुंकायला लावलं. बाजूचा लाल काटा थोडाच सरकला. 'हार्ट कमजोर आहे' म्हणाले आणि पाचशे रुपये घेतले. ही तपासणी खरी का? खरी असेल तर इकोऐवजी ती चालेल का?

उत्तर : आधी शिबिराचं सांगते. तुमच्या वर्णनावरून ती नळी म्हणजे पीक फ्लो मीटर असावी. माणूस किती वेगानं हवा बाहेर फेकू शकतो, एवढंच ती मोजते. दम्याच्या रुग्णासाठी ती फार उपयोगाची आहे, माझ्या टेबलावरही असते. पण ती श्वासनलिकांबद्दल बोलते. वय, उंची, बाई की पुरुष यावर तिचा आकडा ठरतो, आणि नीट शिकवलं नाही तर धडधाकट माणसाचाही काटा अर्ध्यावर थांबतो. त्या काट्यावरून हृदय कमजोर आहे असं सांगता येत नाही. वडिलांच्या मनातून ते वाक्य आधी काढून टाका.

दुसरं, 'हार्ट फेल्युअर' या शब्दाचं. आपल्याकडे 'हार्टफेल झाला' म्हणजे माणूस गेला. माझ्याच दवाखान्यात कागदावरचे ते दोन शब्द वाचून एक आक्का मटकन खाली बसल्या होत्या, आणि त्यांचे यजमान शेजारी उभे होते. हृदय बंद पडलेलं नाही, ते शरीराला लागेल तेवढं रक्त पुढं ढकलण्यात कमी पडतंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि पंपिंग म्हणजे हृदयाच्या मुख्य कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर ढकललं जातं तो आकडा. वडिलांना तो अजून कुणी समजावून सांगितला नसेल तर तुम्ही सांगा.

आता तुम्ही मोबाइलवर वाचलं त्याबद्दल. ते खोटं नाही. चुलीत वाळलेलं लाकूड जळतंय की ओलं, हे धुरावरून कळतं ना, तसंच काहीसं श्वासाचं आहे. शरीर साखर जाळतंय की चरबी, याची खूण उच्छ्वासात उतरते. हृदय कमी पडायला लागलं की शरीर घाबरल्यासारखं वागतं, ताणाची संप्रेरकं वाढतात आणि ती साठवलेली चरबी मोकळी करतात. यकृत त्या चरबीपासून कीटोन तयार करतं. त्यातल्या एकाचं आपोआप विघटन होऊन ॲसिटोन बनतं. ॲसिटोन सहज उडणारं, म्हणून ते रक्तातून फुफ्फुसात येतं आणि श्वासाबरोबर बाहेर पडतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवात असतं तेच हे ॲसिटोन, फक्त प्रमाण अगदी सूक्ष्म.

माणसाच्या उच्छ्वासात सुमारे अडीचशे वेगवेगळे पदार्थ असतात हे अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७१ साली दाखवलं. ॲसिटोन आणि हृदयाचा संबंध पुढं अनेकांनी तपासला. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या डॉक्टरांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या श्वासात निरोगी माणसांपेक्षा कितीतरी पट जास्त ॲसिटोन सापडलं, आणि आजार जितका तीव्र तितकं ते वाढलेलं होतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या संशोधकांनी, फुफ्फुसात पाणी होऊन दाखल झालेल्या रुग्णांचा एकेक उच्छ्वास पिशवीत घेऊन तपासला. त्यांचा श्वास इतर हृदयरुग्णांच्या श्वासापेक्षा वेगळा ओळखता आला. मला या कामाचं मनापासून अप्रूप आहे. सुई नाही, वेदना नाही, दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला उताणं निजवायचं नाही.

तरीही तुमच्या वडिलांची इको त्यानं टळणार नाही. धूर दिसला, पण तो कुठल्या चुलीचा? उपास केला तरी ॲसिटोन वाढतं. मधुमेह आटोक्यात नसेल तरी वाढतं. भात-भाकरी बंद करून वजन उतरवणाऱ्यांचंही वाढतं. आणखी एक पेच आहे. हार्ट फेल्युअरसाठी आता सर्रास दिल्या जाणाऱ्या डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या स्वतःच कीटोन थोडे वाढवतात. म्हणजे औषधानं माणूस सुधारतोय आणि श्वासातला आकडा मात्र वर जातोय, असंही होऊ शकतं. आसपासच्या हवेचाही परिणाम असतो. श्वासात शोधतात त्यातलं पेंटेन पेट्रोलच्या वाफेतही असतं. उच्छ्वासाची पहिली हवा तर फुफ्फुसाच्या तळातली नसतेच, ती तोंडातली आणि श्वासनलिकेतली असते, ती सोडून पुढची घ्यावी लागते. या अभ्यासांतली यंत्रं रोजच्या दवाखान्यातली नव्हेत, प्रयोगशाळेतली आहेत.

उडणाऱ्या वायूंवरची हृदयासाठीची एक श्वास-चाचणी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ साली मान्य केली होती, पण तीही वेगळ्या कामासाठी. हृदय बदललेल्या माणसाचं शरीर नवं हृदय नाकारतंय का, हे पाहताना बायोप्सीच्या (हृदयाचा बारीक तुकडा काढून तपासण्याच्या) जोडीला ती वापरायची होती, बायोप्सीऐवजी नव्हे. इकोत झडपा दिसतात, कप्पे किती फुगले ते दिसतं, जुन्या अटॅकची जागा दिसते. यातलं काहीही फुंकरीतून दिसत नाही.

पण तुमचा दुसरा त्रास खरा आहे आणि त्यावर उपाय आहे. वडील स्थिर असतील, नवी लक्षणं नसतील, औषधं बदलली नसतील, तर दर तीन महिन्यांनी इको करायलाच हवी असं नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "या खेपेला इकोनं तुमचा कुठला निर्णय बदलणार आहे?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. रक्त मात्र टाळू नका. या गोळ्यांवर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) आणि पोटॅशियम पाहावंच लागतं. श्वासातून जे कळावं असं तुम्हाला वाटतं, त्याच्या सर्वांत जवळची आज मिळणारी तपासणी म्हणजे एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची चाचणी. हृदयावर ताण आला की ते रक्तात सोडतं तो पदार्थ ती मोजते. अचानक धाप लागलेल्या माणसात तो आकडा ३०० च्या खाली आला, तर धाप हृदयामुळं असण्याची शक्यता फार कमी होते.

आणि घरात फुकट होणारी श्वासाची तपासणी आहेच. ती मला माझ्या वडिलांनी शिकवली, त्यांच्या नकळत.

ते जावळी तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. दरवर्षी दासनवमीला सज्जनगड चढायचे. ज्या वर्षी मी इंटर्नशिप करत होते, त्या वर्षी ते मधेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "गुडघा कुरकुरतोय." पुढच्या महिन्यात त्यांच्या डोक्याखाली दोन उशा दिसल्या, मग तीन. मग ते आरामखुर्चीत झोपायला लागले. आईला सांगायचे, वाऱ्याला बरं वाटतं. चप्पल घालायला वाकले की तोंड लाल व्हायचं आणि सरळ होऊन दोन मिनिटं ते बोलायचे नाहीत. एका डॉक्टरांनी चार महिने त्यांना दम्याच्या गोळ्या दिल्या. मी सुट्टीला घरी यायचे, त्याच गोळ्या त्यांच्या हातावर ठेवायचे, आणि उशा मोजत नव्हते. शेवटी आमच्या वॉर्डातल्या सरांनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. पाणी उतरवायचं इंजेक्शन दिल्यावर रात्रीतून तीन किलो वजन उतरलं आणि वडील दुसऱ्या रात्री एका उशीवर आडवे झोपले. पुढं चार वर्षं ते आमच्यात होते.

तेव्हा वडिलांच्या उशा मोजा. परवा एक होती, आज दोन लागतात का? रात्री झोपेतून धाप लागून ते उठून बसतात का? वाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत दम लागतो का? या लक्षणाला २०१४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बेंडोप्निया असं नाव दिलं. भांगलायला वाकणाऱ्या माणसाला ते नावाशिवायही कळतं, फक्त त्यानं ते डॉक्टरांना सांगायला हवं. शांत बसलेले असताना त्यांचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, त्यांना न सांगता. बारा ते वीसच्या दरम्यान असावेत. आणि रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, तशाच कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. मधुमेह आहे, गेल्या वर्षीपासून हृदयाच्याही गोळ्या आहेत. त्या नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करतात, एक वेळ दूध आणि पाणी. गेल्या नवरात्रात सातव्या दिवशी त्यांच्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता आणि मळमळत होतं. साखर तपासली तर १९० होती, म्हणून आम्ही गप्प बसलो. माझ्या नवऱ्याला तर तो वास आलाच नाही. — वाईहून एक भगिनी

उत्तर : ताई, तुमचं नाक बरोबर होतं. हा वास सगळ्यांना ओळखू येतो असं नाही, म्हणून 'मला तर येत नाही' यावर विसंबू नये.

त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन किंवा कॅनाग्लिफ्लोझिन असं लिहिलंय का ते आजच पाहा. या गोळ्या लघवीतून साखर बाहेर काढतात. मधुमेहात आणि हृदयासाठी त्या उत्तम आहेत, मी स्वतः रोज लिहिते. पण पोटात अन्न नसताना त्या चालू राहिल्या तर शरीर पूर्णपणे चरबीवर उतरतं, कीटोन साचत जातात आणि रक्त आम्ल होतं. यातली फसवी गोष्ट हीच की साखर फार वाढलेली नसते. १९० बघून घरचेही शांत राहतात आणि कधी कधी डॉक्टरही. उपास, मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात खोल श्वास आणि तो वास, असं दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा आणि 'कीटोन तपासा, ही गोळी चालू आहे' असं स्वतःहून सांगायचं. लिंबूपाणी देऊन सकाळची वाट पाहायची नाही.

यंदा घटस्थापनेच्या आधीच त्यांच्या डॉक्टरांना भेटा. कोणती गोळी किती दिवस थांबवायची ते तेच ठरवतील. इन्सुलिन चालू असेल तर ते आपल्या मनानं बंद करायचं नाही. त्यांच्या श्रद्धेला धक्का लावायची माझी इच्छा नाही. आमच्या घरी आजी साठीनंतर उठता-बसता उपास करायची, पहिला आणि शेवटचा दिवस, तोही भगर-आमटी खाऊन. देवीनं तिला कधी कमी केलं नाही. सासूबाईंना हे माझ्या नावानं सांगा.

प्रश्न : माझे पती ५२ वर्षांचे आहेत, पंपिंग २५ टक्के. पुण्याला तोंडावर मास्क लावून सायकल चालवायला लावली. रिपोर्टवर 'पीक व्हीओटू १२.८' आणि 'व्हीई-व्हीसीओटू स्लोप ३८' असं आहे. कुणी नीट सांगितलं नाही, फक्त 'हृदय बदलण्याचा विचार करावा लागेल' म्हणाले. आमच्या घरात दोन रात्री कुणी झोपलेलं नाही. — कराड

उत्तर : हार्ट फेल्युअरमध्ये आज खरोखर वापरात असलेली श्वासाची तपासणी म्हणजे तुम्ही केलीत ती. पहिल्या पत्रातल्या कोरेगावच्या वाचकांनीही हे वाचावं.

मास्कमधून तुमच्या यजमानांचा प्रत्येक श्वास मोजला गेला, ऑक्सिजन किती घेतला आणि कार्बन डायऑक्साइड किती सोडला. १२.८ म्हणजे जास्तीत जास्त श्रमाच्या वेळी त्यांच्या शरीरानं दर मिनिटाला, दर किलो वजनामागे १२.८ मिलिलिटर ऑक्सिजन वापरला. हवा फुफ्फुसानं घ्यायची, रक्तानं उचलायची, हृदयानं पोचवायची आणि मांडीच्या स्नायूनं वापरायची. या सगळ्यांचा मिळून तो एक आकडा आहे. म्हणून २५ टक्के पंपिंगचे दोन रुग्ण सारखे नसतात. माझ्याकडचे एक गृहस्थ तेवढ्याच पंपिंगवर मंडईतून पिशवी घेऊन घरी येतात, दुसऱ्यांना न्हाणीघरापर्यंत जाताना थांबावं लागतं. १९९१ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासावरून १४ हा आकडा पुढं आला. त्याच्या खाली गेलेल्या रुग्णांच्या बाबतीत हृदय-प्रत्यारोपणाचा विचार सुरू करावा असं ठरलं. पुढं बीटा ब्लॉकर गोळ्या (हृदयाचे ठोके कमी करून त्याच्यावरचा ताण उतरवणाऱ्या) आल्या, रुग्ण जास्त जगू लागले, आणि त्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी ही रेषा १२ वर आणली गेली.

तुमचे यजमान बीटा ब्लॉकर घेत असतील (मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल ही त्यांची नेहमीची नावं) तर ते त्या रेषेच्या किंचित वर आहेत. दुसरा आकडा, ३८, म्हणजे तेवढाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला त्यांना जास्त हवा ओढावी लागते. साधारण ३० च्या आत हवा, ३४-३५ च्या पुढं काळजीचं. तेव्हा डॉक्टर उगाच बोलले नाहीत. पण 'विचार करावा लागेल' म्हणजे उद्या शस्त्रक्रिया नव्हे. परत जाताना हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. सायकल त्यांनी पूर्ण दमेपर्यंत चालवली होती का, की पाय दुखले म्हणून सोडली? हार्ट फेल्युअरसाठी दिली जाणारी चारही प्रकारची औषधं पूर्ण मात्रेत चालू आहेत का? रक्तात लोह कमी आहे का? लोह कमी असेल आणि शिरेतून दिलं तर बऱ्याच रुग्णांचा दम सुधारतो.

मधल्या काळात सुधारणा पाहायला सहा मिनिटं चालण्याची चाचणी गावातही होते. तीस मीटरचा सपाट व्हरांडा, घड्याळ आणि शेजारी नर्स, एवढं पुरतं. सहा मिनिटांत ३०० मीटरही झाले नाहीत तर ते लक्ष देण्यासारखं. घरी एकट्यानं मात्र करू नका.

प्रश्न : हे रात्री झोपेत श्वास घ्यायचे थांबतात. मी अंक मोजते, वीसपर्यंत जातात. मग हळूहळू श्वास सुरू होतो, वाढत वाढत जोरात होतो, परत कमी होतो आणि थांबतो. घोरणं फारसं नाही. हृदयाचा त्रास आहे. मुलगा म्हणतो झोपेचं मशीन मागवू. — पाटण

उत्तर : तुम्ही जे पाहिलंत, अगदी तेच डब्लिनच्या जॉन चेन या डॉक्टरांनी १८१८ साली आपल्या रुग्णाबद्दल लिहून ठेवलं. १८५४ साली त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्स यांनी पुन्हा त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. हृदय कमजोर असलं की रक्त सावकाश फिरतं, तेव्हा फुफ्फुसातून निघालेल्या रक्ताची बातमी मेंदूला उशिरा पोचते. मेंदू आधी गरजेपेक्षा जास्त श्वास घ्यायला लावतो आणि मग गरजेपेक्षा जास्त थांबवतो. यजमानांच्या डॉक्टरांना मोबाइलवर दोन मिनिटांचं चित्रीकरण दाखवा, शब्दांत सांगण्यापेक्षा ते बरं. आजार वाढलाय का हे त्यांना पाहावं लागेल, आणि बहुतेक वेळा औषधांची मात्रा नीट केल्यावर हे कमी होतं.

मशीन परस्पर मागवू नका. श्वासानुसार आपोआप दाब बदलणाऱ्या एका प्रकारच्या मशीनचा मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. पंपिंग ४५ टक्के किंवा कमी असलेल्या आणि झोपेत असाच श्वास थांबणाऱ्या रुग्णांमध्ये ते वापरल्यावर मृत्यू कमी होण्याऐवजी वाढले. झोपेची तपासणी आधी, मशीन नंतर, आणि तेही हृदयाच्या डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : हार्ट फेल्युअर असताना प्राणायाम करावा का? कपालभाती चालेल का? — फलटण

उत्तर : कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून धरणं बंद ठेवा. सावकाश श्वास चालेल, मिनिटाला सहाच्या आसपास, पाच आकडे आत आणि पाच बाहेर. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छोट्या अभ्यासात अशा संथ श्वसनानं हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या रक्तातला ऑक्सिजन सुधारलेला दिसला. खुर्चीत पाठ टेकून बसा, जेवणानंतर लगेच नको. चक्कर आली किंवा छाती भरून आली तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. गोळ्या तशाच चालू ठेवायच्या.